पहिल्या पावलांचा मान

सावातो, १४ जून १९९३

नोबुताका,

"भांडणांखेरीज बाबांनी आयुष्यात उभं काय केलं," असं तू लिहिलंस. पत्र आईला होतं. पण आपल्या घरात आलेलं पत्र जेवताना मोठ्याने वाचतात, हे नागोयात राहून विसरलेला दिसतोस. तेव्हा ऐक.

शाळेचं लोखंडी फाटक, दोन्ही झडपांसकट. तीस वर्षं झाली, बिजागरी कुरकुरत नाही. स्वयंपाकघरातली लाकडावरची शेगडी, जिच्याजवळ पाय शेकत तू परीक्षांचा अभ्यास केलास. आगीच्या घंटेचा मनोरा. तुझी बर्फावरची घसरगाडी. तिची उजवी पट्टी डावीपेक्षा दोन मिलिमीटर जाड ठेवली होती, कारण तू उजवीकडे झुकून बसायचास. माझ्या भट्टीवरचे सगळे चिमटे. आणि मोमोसे पुलाचा प्रवाहाच्या वरच्या अंगाचा अख्खा कठडा, चौसष्ट मीटर, त्र्याऐंशीच्या पुरात वाहून गेला तेव्हा. शिवाय पूल तोलणाऱ्या लोखंडी कैच्यांपैकी तिसऱ्या कैचीच्या खालच्या सांध्यावरच्या नव्या पट्ट्या आणि त्यांतले एकशे बारा रिवेट. भाता तुझ्या आईने मारला आणि मागून दाबून धरायला आजोबा होते, हे न लिहिणं अन्याय होईल. ठोकले मी. एकही बोल्ट वापरला नाही. रिवेट मारायला आजोबांकडून शिकलो, वेल्डिंग पुस्तकातून, बाकी सगळं चुकून चुकून. तुझ्यासारखी पदवी नाही, म्हणून हे सगळं "भांडण" या सदरात जातं का?

आता मुद्द्याचं. परवा मियाशिता आला होता. शाळेत तुझ्या बाकावर बसायचा तो. आता नगर कार्यालयाच्या बांधकाम विभागात टाय लावून बसतो. दारातूनच म्हणाला, "काका, अभिनंदन." मी विचारलं, कशाचं. तर नव्या पुलावरच्या पहिल्या पावलांचा मान आपल्या घराला. आणि मग तो मला, मला, समजावून सांगायला लागला की पूल खुला करताना पुजाऱ्यामागून एकाच घरातली तीन पिढ्यांची तीन जोडपी चालावी लागतात, सहाही माणसं हयात आणि आपल्या पायांवर. जणू मी कालच या खोऱ्यात आलो. आजोबा-आजी, मी आणि तुझी आई, तू आणि सातोमी. दुसरं तसं घर फक्त साके, म्हणजे तांदळाची दारू, गाळणाऱ्या हारा कुटुंबाचं, पण मान आधी आपला, कारण आजोबांनी जुना मोमोसे पूल बांधताना काम केलेलं.

मी तोंड उघडण्याआधी तो म्हणाला, "नोबूने फोनवर होकार दिलाच आहे."

जुना पूल माझ्या दारासमोर. तीस वर्षं दर तिसऱ्या उन्हाळ्यात त्याचा गंज मी खरवडतो, रंग मी देतो, कुणी सांगितलं म्हणून नव्हे. आणि होकार नागोयाहून.

येत्याच हिवाळ्यात नदीचं पाणी उतरलं की जुना पूल कापणार आहेत, हे त्याने तुला सांगितलं होतं का? सांगितलं असेल आणि तरीही तू हो म्हणाला असशील, तर पुढे लिहीत नाही. तुझ्या मनात शंका नको म्हणून आणखी लिहितो: जुना पूल सहा टनांपर्यंतच वजन पेलतो. लाकडाचा भरलेला ट्रक गेला की खालच्या पट्ट्या ओरडतात. तपासणीला आलेला इंजिनियर तेच म्हणाला आणि तो बरोबर आहे. ट्रकसाठी नवा पूल हवाच होता. पण पायी जाणाऱ्या माणसांनी काय घोडं मारलंय? शाळेची पोरं, आजीबाया, मासेमारीवाले यांना जुना अजून शंभर वर्षं पुरेल.

मी मियाशिताला सांगितलं, जुना पूल पायवाटेसाठी ठेवा, आमची तिन्ही जोडपी चालतील. नाही तर हारांकडे जा. तो जवाचा चहा अर्धा टाकून उठला.

तू त्याला फोन कर आणि होकार मागे घे. या घराच्या वतीने हो म्हणायचा अधिकार तुला अजून मिळालेला नाही.

ओगिसो तामेजी


३ जुलै

नोबुताका,

माझ्या पत्राला उत्तर सातोमीच्या अक्षरात आलं. हात मोडला का तुझा? ती लिहिते, "बाबा, रागावू नका, पण आजोबांना काय हवंय ते विचारलंत का?" मुलगी शहरातली असली तरी प्रश्न सरळ विचारते. म्हणून विचारलं.

आजोबा अंगणात चालत होते. नव्या चपला रुळवायला. एवढ्यातच चपला आणल्यात, पांढऱ्या पट्ट्यांच्या, आणि विहिरीपासून भट्टीपर्यंत रोज फेऱ्या घालतात, छाती काढून, समोर महापौर उभा असल्यासारखे. मी म्हटलं, "बाबा, जुना पूल बांधला तेव्हा सतरा वर्षांचे होतात तुम्ही. त्या पुलातले रिवेट तुम्ही झेललेत."

"झेलले," म्हणाले. "खालून लालभडक यायचे, वर डब्यात झेलायचे. त्याची मजुरी मिळाली. एक चुकला तो मानेवर बसला, तो माझ्याजवळ आहे, ही खूण बघ. बाकीचे त्यांचे. कापू देत."

"आणि तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"पूल म्हणजे पलीकडे जायची सोय, तामेजी. तू त्याचं देऊळ करून ठेवलंयस."

आजी ओसरीवरून ऐकत होती. ती म्हणाली, मी नवरी होऊन आले ती या पुलावरून, भर चिखलात, आणि माझ्या सासूने पुलाच्या टोकाला उभी राहून माझे पाय पाहिले आणि पहिला शब्द काय बोलली, तर "धू." "एकदा तरी मला पांढऱ्या मोज्यांनी पूल ओलांडू दे," म्हणाली. तिने कुलचिन्हांचे काळे किमोनो पेटीतून काढून वाळत घातलेत. अख्खं घर कापराने गंधावलंय. मला शिंका येतात आणि कुणाला दया येत नाही.

सातोमीला सांग, विचारलं. त्यांना चालायचंय. तरीही माझी अट तशीच आहे. सगळ्यांना सोहळा हवा आणि पूल कुणालाच नको, असं असेल तर पुलाच्या बाजूने एक तरी माणूस असू दे.

आणि तू लिहायला लावलेला तो "जुन्या गोष्टी सोडून द्या" हा उपदेश. तुझ्या लग्नाच्या जेवणात त्या माइकवाल्याने माझी ओळख "वराचे वडील, वेल्डिंगची छोटीमोठी कामं करतात" अशी करून दिली. मी तुझ्याकडे पाहिलं. तू सूप पीत होतास. त्याला त्या जुन्या गोष्टींत धरायचं का, तेवढं कळव. स्वतःच्या हाताने.

तामेजी


१९ ऑगस्ट

बोनच्या सणाला पितरसुद्धा तीन दिवस राहतात. तू तीन तास राहिलास.

मी पुलाखाली होतो, परांचीवर, हे तुला माहीत होतं. यंदा रंगाचं वर्ष आहे. सातोमी खाली उतरून आली, दगडांवरून, त्या असल्या बुटांनी. सोललेला पीच घेऊन आली होती. मला म्हणाली, "बाबा, कापणारच आहेत तर रंग कशाला?"

मी म्हटलं, "म्हातारा मरणार आहे म्हणून घरातले त्याची आंघोळ बंद करतात का?"

ती हसली नाही, वादही घातला नाही. रंगाचा डबा धरून उभी राहिली, मी अख्खा सांधा संपवेपर्यंत. तिच्या बुटांवर लाल थेंब पडले, ते टर्पेंटाइनने निघतील. साबण लावू नकोस म्हणावं.

तू वर कठड्याशी होतास. फळ्यांच्या फटीतून मला तुझे तळवे दिसत होते. वाकून एक हाक मारली असतीस तर मी वर आलो असतो. मीही मारली नाही म्हणशील. पण तुझ्या हाताला काम नव्हतं, माझ्या होतं.

बातमी तुला मियाशिताकडून कळलीच असेल. साकेवाल्या हारांची सून मुलाला घेऊन माहेरी गेली, कायमची. हारांचं घर बाद. आता खोऱ्यात पुरी तीन जोडपी फक्त आपल्याकडे. त्यानंतर मियाशिता तीनदा येऊन गेला, शेवटच्या वेळी उपमहापौरांना घेऊन. खाली डोकी घालून बसले दोघं. मियाशिता हळूच म्हणतो, "काका, हारांच्या सुनेला परत आणायलाही लोक पाठवले होते. तिने बादलीभर पाणी ओतलं." मी म्हटलं, शहाणी आहे.

त्यांची अडचण मला कळते. नव्या रस्त्यासाठी ज्या पाच वाड्यांनी पायऱ्यांची शेतं दिली, त्यांच्या प्रमुखांना शब्द दिलाय की पहिली पावलं रीतीप्रमाणे पडतील. अपुऱ्या घराने पूल उघडला तर नदी वर्षाच्या आत माणूस घेते, असं ते मानतात. तू हसशील. शेतं दिली त्यांनी, त्यांना हसायचा हक्क माझ्याकडे नाही आणि तुझ्याकडे तर नाहीच. वसंतात महापौरांची निवडणूक आहे, तीही अडचणच.

जुन्या पुलाबद्दल उपमहापौर म्हणाले, "विचार करू." या खोऱ्यात "विचार करू" म्हणजे नाही, हे पाळण्यातल्या पोरालाही कळतं. मीही म्हणालो, मीही विचार करीन.

तामेजी


१० ऑक्टोबर

नोबुताका,

फोनवर मी रिसीव्हर आपटला, त्याबद्दल लिहीत नाही. का आपटला ते लिहितो.

आजोबांना न्यूमोनिया कसा झाला ते आईने तुला गोडीत सांगितलं असेल. गोडी काढून ऐक. अंगण पुरेनासं झालं म्हणून ते पहाटे नव्या पुलाच्या तोंडापर्यंत जाऊन तालीम करायला लागले. मजुरांनी दोरी लावलेली, तिच्या अलीकडे उभं राहायचं, नमस्कार करायचा, फिरायचं. एक दिवस पावसात. छत्री होती, पण छत्री धरून चालताना रुबाब येत नाही म्हणून मिटून काखेत धरलेली. ऐंशीला टेकलेला माणूस. मात्सुमोतोच्या इस्पितळात नाकात नळी घालून पडलेत आणि नर्सला सांगतात, तीन नोव्हेंबरला पूल उघडायचाय, माझं काम आहे.

घरी फोन वाजतो. मियाशिता. "आजोबा कसे आहेत?" मी सांगतो. लगेच पुढचा प्रश्न, "म्हणजे तीन तारखेपर्यंत...?" तो माझ्या बापाची चौकशी करत नाही, तारखेची करतो. पाच वाड्यांचे प्रमुख फळांची टोपली घेऊन इस्पितळात आले, खाटेभोवती उभे राहिले आणि पाहुण्यांच्या नजरेने नव्हे, बैल बाजारात घेताना पाहतात तसे त्यांच्या पायांकडे बघत होते. मी टोपली परत दिली. आजोबा माझ्यावर ओरडले, नळीतून जेवढं ओरडता येतं तेवढं.

हे सगळं परक्यांनी केलं. आणि मग तू फोनवर म्हणालास, "डॉक्टरांकडून एका तासाची सुट्टी मागा ना, त्यांची एवढी इच्छा आहे." म्हणून आपटला.

तरी मागितली. मला अडाणी म्हणायला तुला जागा नको म्हणून मागितली. डॉक्टर आरिगा म्हणून तरुण बाई आहेत. त्यांनी फुप्फुसाचा फोटो दिव्यावर लावला. म्हणाल्या, "आत्ता इतकंच चालतंय." पांढऱ्यातून उरलेला काळा भाग तळहाताएवढा. मी विचारलं, चाकांच्या खुर्चीवरून नेलं तर? पुलाच्या तोंडापर्यंत गाडी, गुडघ्यावर पांघरूण, मागून कुणी ढकललं तर?

"नदीवरचा वारा असतो ना तिथे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, असतो.

"मग मी हो म्हणणार नाही. तुम्ही नेलंत तर मी अडवूही शकत नाही. पण परत आणाल असं धरून चालू नका."

असं आहे. इच्छा सगळ्यांना असते.

तामेजी


३० ऑक्टोबर (पोस्टकार्ड)

आपलं घर चालणार नाही. सहांपैकी कुणीही नाही. काल मी नगर कार्यालयाला कळवलं. रजा काढली असशील तर रद्द कर. आजोबांना सांगून झालंय. फळं पाठवणार असाल तर द्राक्षं नको, सालींनी ठसका लागतो. तामेजी


१२ डिसेंबर

नोबुताका,

अखेर तुझ्या हाताने लिहिलेलं पत्र आलं. अक्षर अजून शाळेतलंच आहे, ओळ उजवीकडे वर चढते. चार पानं. आईने मोठ्याने वाचायला घेतलं आणि दुसऱ्या पानावर थांबून माझ्याकडे सरकवलं. बाकी मी मनात वाचलं.

तू लिहितोस: "आजोबांची शेवटची हौस तुम्ही मोडलीत. तेही कशासाठी? पूल तर वाचलाच नाही. ना पूल, ना सोहळा, ना नाव. निव्वळ हट्टापायी तुम्ही सगळ्यांकडून सगळं काढून घेतलंत, आणि बदल्यात तुम्हाला काय मिळालं? मियाशिताचंही नाक कापलंत."

मियाशिताचं नाक जागेवर आहे. त्या दिवशी तो बालवाडीच्या पोरांना घेऊन पुजाऱ्यामागून चालला, हातात कागदी भिरभिरी. वर्तमानपत्रात फोटो आला, छान आला. पाच वाड्यांचे प्रमुख जेवणाला थांबले नाहीत. आजी गेली नाही. तिने किमोनो घडी घालून पेटीत ठेवले आणि त्या संध्याकाळी मला भात वाढला नाही, मी वाढून घेतला.

जुना पूल कापून झाला. बाहेरची टोळी होती, गॅसच्या बंदुका, क्रेन. कामाला वाईट नव्हते. तिसऱ्या कैचीचा तो सांधा सुटेना तेव्हा त्यांचा मुकादम वरून शिव्या द्यायला लागला. काठावर मी उभा. मला म्हणाला, "ओ काका, हे कुठल्या गाढवाने बसवलंय, माहीत आहे का?" मी म्हटलं, "तू कापायचं बघ." त्याने दुसरं सिलिंडर मागवलं. सुटला एकदाचा. मी शेवटपर्यंत उभा होतो, कुणी तरी असायला हवं म्हणून, तेवढंच. डोळ्यांत पाणी वगैरे काही नव्हतं, आईने तुला तसं लिहिलं असेल तर ते धुराचं होतं.

आजोबा घरी आलेत. गेल्या महिन्याच्या अखेरीस सोडलं. भिंतीला धरून शौचालयापर्यंत जातात, सोबा खातात, बर्फ पडल्यावर खिडकीशी बसून नव्या पुलावरून जाणारे ट्रक मोजतात आणि रस्ता किती गुळगुळीत आहे हे मोठ्याने म्हणतात. माझ्याशी बोलत नाहीत. एक शब्द नाही. मीठ हवं असलं, मी शेजारी बसलेलो असलो, तरी तुझ्या आईला हाक मारून सांगतात, "फुमिए, तुझ्या नवऱ्याला म्हणावं मीठ सरकव." मी सरकवतो. आजी म्हणते, वसंतापर्यंत निवळतील. मी म्हणतो, नाही निवळले तरी चालेल, वसंत बघू देत.

नववर्षाला येणार असलात तर चाकांना साखळ्या लावून या. नवा पूल उंच आहे, दोन्ही बाजूंनी वारा, त्यावर बर्फ आधी धरतो. जुन्यावर असं होत नसे.

आता तुझा प्रश्न. "बदल्यात तुम्हाला काय मिळालं?" उत्तर द्यायचं नव्हतं. मियाशिताकडून मी शब्द घेतला होता की तो कुणाला बोलणार नाही, आणि त्या पोराने तो पाळला, तुझ्या शिव्या खाऊनसुद्धा. मित्र निवडताना तू चुकला नाहीस. पण चार पानं लिहिलीस, उत्तर देणं भाग आहे.

हे आजोबांच्या कानावर गेलं तर मला बाप म्हणून हाक मारू नकोस. कळलं असतं तर ते नळी ओढून उठले असते आणि खुर्चीत बसले असते. आता सोहळ्यासाठी नाही, पांढऱ्या चपलांसाठी नाही. पूल तर त्यांच्या लेखी भंगार आहे. माझ्यासाठी बसले असते. तेच मला नको होतं, आणि तेच तू मला चार पानांत "हट्ट" म्हणून ऐकवलंस.

ऑक्टोबरच्या अठ्ठावीस तारखेला मियाशिता आणि उपमहापौर इस्पितळात आले. मला कॉरिडॉरमध्ये बोलावलं, शीतपेयांच्या मशीनशेजारी. उपमहापौरांनी आधी कमरेत वाकून नमस्कार केला, आणि कागद दाखवला, शिक्क्यासह. त्यांनी खरोखरच विचार केला होता, हे मान्य करतो. तीन तारखेला आजोबा खुर्चीतून का होईना पुलावर यावेत, वाड्यांचे प्रमुख तेवढ्यावर तयार आहेत, चार मिनिटं, डॉक्टरांच्या परवानगीचं आम्ही बघून घेऊ. तेवढं झालं की मोमोसे पूल कापायचा नाही. तो ओगिसो तामेजी याच्या नावावर करून द्यायचा, दोन्ही टोकांच्या पायाच्या बांधकामासकट, आणि तो पाडण्यासाठी मंजूर झालेली सगळी रक्कम डागडुजीसाठी माझ्या हातात.

मी कागद पुरता वाचला, दोनदा. मग नाही म्हणालो.

रक्कम दोन कोटी चाळीस लाख येन.

तामेजी